सलाफहादाच्या लेकी आणि छोटा नागपूरची जमीन

फादर कॉन्स्टंट लिव्हन्स हे नाव भारतीय ख्रिस्तसभेच्या इतिहासात मोठ्या आदराने घेतले जाते. बेल्जियमहून आलेला हा येशूसंघीय धर्मगुरू १८८५ साली रांचीजवळच्या डोरंडा येथे आला, पुढे तोरपा येथे राहिला आणि अवघ्या सात वर्षांत छोटा नागपूरच्या पठारावर हजारो मुंडा, उरांव व खडिया कुटुंबे त्याच्याभोवती गोळा झाली. ही कुटुंबे त्याच्याकडे आली ती मुख्यत्वे जमिनीच्या दाव्यांसाठी. जमीनदाराने हिरावून घेतलेले शेत, सक्तीची बेठबेगारी, न समजणाऱ्या भाषेत चाललेले कोर्टाचे कामकाज, या साऱ्यांत फादर लिव्हन्स त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यामुळे छोटा नागपूरच्या ख्रिस्तसभेचा इतिहास हा एका अर्थाने जमिनीचाही इतिहास आहे.

मात्र त्या इतिहासात एक प्रश्न फारसा विचारला गेला नाही. जी जमीन जमीनदाराच्या घशातून परत मिळविली, ती घरातल्या कोणाच्या नावे लागली? मुलगा व मुलगी एकाच शेतात राबत असता वारस म्हणून एकाचेच नाव का आले? या प्रश्नाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा प्रवास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे. तो परक्या मुलखातला असला तरी आपल्या घरांशीही त्याचा संबंध आहे.

खुंटकट्टीची व्यवस्था

मुंडा, हो, उरांव, संथाळ या जमाती पितृवंशीय आहेत. वंश पित्याकडून पुत्राकडे जातो. कुळाला मुंडा व हो भाषांत ‘किली’ म्हणतात आणि एकाच किलीतील स्त्रीपुरुषांचा विवाह निषिद्ध मानला जातो. साहजिकच प्रत्येक मुलीला लग्न करून दुसऱ्या किलीत जावे लागते. ज्या पूर्वजांनी जंगल तोडून, झाडांची खोडे उपटून प्रथम शेत तयार केले, त्यांच्या वंशजांची ती जमीन, हा मुंडांच्या गावाचा मूळ नियम. याच हक्काला ‘खुंटकट्टी’ असे नाव आहे. उरांवांच्या मुलखात अशाच स्वरूपाच्या जमिनीला ‘भुईंहरी’ म्हणत.

या व्यवस्थेत जमीन कोणा एका माणसाच्या मालकीची नव्हती. ती कुळाची होती. जिवंत असलेले वंशज ती कसत, मेलेले पूर्वज तिच्याच कुशीत विसावत. मुंडांच्या गावाबाहेर ‘सासन’ नावाची दफनभूमी असते. कुळातील मृतांच्या अस्थी तेथील मोठ्या शिळांखाली ठेवल्या जातात. हे दगड म्हणजेच आमचे जमिनीचे पट्टे, असे मुंडा लोक सांगत आले आहेत. कागद नसलेल्या समाजात दगड हाच दस्तऐवज होता.

इंग्रजी अंमलाने ही घडी विसकटली. मुंडांच्या गावांवर जमीनदार, ठेकेदार व सावकार येऊन बसले. १८३१–३२ साली कोलांचा उठाव झाला. त्यानंतर सिंहभूममधील हो लोकांच्या ‘कोल्हान’ या प्रदेशासाठी कॅप्टन विल्किन्सन यांनी १८३७ साली वेगळे नियम लावले व गावचा ‘मुंडा’ आणि अनेक गावांवरील ‘मानकी’ यांचे अधिकार मान्य केले. रांचीच्या बाजूस मात्र अन्याय चालूच राहिला. १८६९ च्या कायद्याने भुईंहरी जमिनींची मोजणी झाली, पण असंतोष शमला नाही. अखेर १८९९–१९०० साली बिरसा मुंडाच्या नेतृत्वाखाली ‘उलगुलान’ पेटला. ९ जून १९०० रोजी बिरसाने रांचीच्या तुरुंगात देह ठेवला, परंतु सरकारला या प्रश्नाकडे डोळेझाक करणे आता अशक्य झाले.

फादर हॉफमन आणि १९०८ चा कायदा

याच काळात सरवदा येथील मिशनमध्ये फादर जॉन बाप्टिस्ट हॉफमन हे जर्मन येशूसंघीय काम करीत होते. १८९९ च्या नाताळात उठावकऱ्यांचे बाण या मिशनवरही सुटले होते. तरीही त्या बाणांमागची वेदना हॉफमन यांनी ओळखली. मुंडारी भाषेचे व्याकरण लिहिणारा आणि पुढे ‘एन्सायक्लोपीडिया मुंडारिका’ या अनेक खंडांच्या कोशाची उभारणी करणारा हा विद्वान मुंडांच्या जमीनधारणेचा फार मोठा जाणकार होता. सरकारने त्यांचा सल्ला घेतला आणि ‘छोटा नागपूर कूळकायदा, १९०८’ घडविण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. ११ नोव्हेंबर १९०८ रोजी हा कायदा अमलात आला. दुसऱ्याच वर्षी, १९०९ साली, हॉफमन यांनी कॅथोलिक सहकारी पतसंस्था स्थापन केली. कायद्याने जमिनीला कुंपण घातले आणि पतसंस्थेने सावकाराची वाट अडविली. पहिल्या महायुद्धात केवळ जर्मन म्हणून १९१५ साली त्यांना भारत सोडावा लागला. १९२८ साली मायदेशात त्यांचे निधन झाले.

या कायद्याचे उपकार थोडे नाहीत. त्याच्या कलम ४६ मुळे आदिवासी रयतेची जमीन बिगरआदिवासीच्या हाती जाण्यावर कडक बंधने आली. आजही झारखंडमधील आदिवासी या कायद्याकडे ढाल म्हणून पाहतात. २०१६–१७ मध्ये तो सैल करण्याचा प्रयत्न झाला तेव्हा प्रचंड विरोध झाला. तत्कालीन राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी ते विधेयक परत पाठविले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. त्या स्वतः संथाळ आहेत व २०२२ पासून भारताच्या राष्ट्रपती आहेत.

पण याच कायद्याच्या कलम ७ व ८ मध्ये खुंटकट्टी हक्काची व्याख्या करताना जंगल तोडणाऱ्या मूळ पुरुषाचे ‘पुरुष वंशातील’ वारस असे शब्द आले, तर कलम ७६ ने रूढींना संरक्षण दिले. तोवर जी गोष्ट गावाच्या पंचायतीत, माणूस व प्रसंग पाहून, कमीअधिक लवचीकपणे ठरत होती, ती आता छापील कायद्यात कोरली गेली. जमीन परक्याच्या हाती जाऊ नये हा या शब्दांमागील हेतू होता. ती लेकीच्या हाती जावी की नाही हा प्रश्न त्या वेळी ना सरकारपुढे होता, ना मिशनरींपुढे. कायद्याच्या ढालीखाली जमात सुरक्षित झाली आणि त्याच ढालीखाली लेकीचा प्रश्न झाकला गेला.

रूढीने लेकीला काय दिले?

रूढीने स्त्रीला काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. हो व मुंडा समाजात अविवाहित मुलीला बापाच्या जमिनीतून पोट भरण्याचा हक्क आहे. विधवेला हयात असेपर्यंत किंवा पुनर्विवाह करीपर्यंत नवऱ्याची जमीन कसून खाता येते. संथाळांत मुलगा नसेल तर घरजावई आणून जमीन लेकीच्या घरात ठेवण्याची रीत आहे. शिवाय भाऊबंदांच्या संमतीने बाप आपल्या मुलीला ‘तबेन जोम’ म्हणून जमिनीचा तुकडा देऊ शकतो. उरांवांतही घरजावयाची चाल आढळते. मुलीच्या लग्नात हुंडा द्यावा लागत नाही; उलट वरपक्षाने देज द्यायचे असते. होंच्या भाषेत त्याला ‘गोनोंग’ म्हणतात व ते पूर्वी मुख्यतः गुराढोरांच्या रूपात दिले जाई. हे देज इतके भारी असे की कित्येक हो मुली अविवाहितच राहत.

पण हा सारा उपभोगाचा हक्क. मालकी नाही. अविवाहित मुलीने लग्न केले की तिचा हक्क संपला. विधवेने दुसरा संसार मांडला की तिचाही संपला. जमीन विकणे, गहाण टाकणे, आपल्या मुलीला देणे हे तिच्या हाती नाही. तिच्यामागे ती जमीन नवऱ्याच्या किंवा बापाच्या भाऊबंदांकडे जाते. म्हणजे ज्यांना तिच्या मृत्यूनंतर लाभ व्हायचा, त्यांच्याच आधाराने तिने जगायचे. या विचित्र नात्यातून किती दुःखे जन्मली याची गणती नाही. एकट्या विधवेवर ‘डायन’ असल्याचा आळ घालून तिला गावातून हाकलणे, प्रसंगी तिचा जीव घेणे, या प्रकारांमागे अनेकदा जमिनीचा लोभ असतो, हे त्या भागातील कार्यकर्त्यांनी वारंवार दाखवून दिले आहे. १९९९ साली बिहार सरकारला या प्रथेविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला व झारखंड राज्यानेही तो पुढे स्वीकारला.

आणखी एक रूढी लक्षात घेण्याजोगी आहे. या जमातींत स्त्रीने नांगराला हात लावणे निषिद्ध मानतात. संथाळ व उरांवांत घराचे छप्पर शाकारणेही तिला वर्ज्य आहे. भाताची लावणी, बेणणी, कापणी, मोहाची फुले वेचणे, लाकूडफाटा, बाजार, ही सारी कामे तिची. नांगरणी तेवढी पुरुषाची. शेताच्या वर्षभराच्या कष्टांतील मोठा भाग तिचा असूनही ज्या एका कामावरून ‘कसणारा’ ठरतो, तेच काम तिला मना. त्यामुळे पुरुष नसलेल्या घरातील स्त्रीला नांगरासाठी कोणाचे तरी पाय धरावे लागतात, आणि तो ‘कोणीतरी’ बहुधा जमिनीवर डोळा ठेवून असलेला भाऊबंदच असतो.

बाप्तिस्मा घेतला, वारसा तोच राहिला

आपल्या वाचकांना येथे एक शंका येईल. ही कुटुंबे ख्रिस्ती झाली. मग त्यांना ख्रिस्ती लोकांचा वारसा कायदा का लागू झाला नाही? भारतीय वारसा कायद्यानुसार मुलगा व मुलगी यांना समान वाटा मिळतो. वसईच्या किंवा मुंबईच्या कॅथोलिक कन्येला तो आहे. मग रांचीच्या कॅथोलिक कन्येला का नाही?

याचे कारण त्या कायद्यातच आहे. १८६५ च्या कायद्यात व पुढे १९२५ च्या कायद्यात, एखाद्या वंशाला, पंथाला किंवा जमातीला सूट देण्याचा अधिकार सरकारकडे ठेवण्यात आला. त्या अधिकारान्वये तत्कालीन बिहार-ओरिसा प्रांतातील मुंडा, उरांव, संथाळ, हो आदी जमातींना या कायद्यातून वगळण्यात आले. परिणामी ख्रिस्ती झालेल्या उरांवालाही वारशापुरती जमातीची रूढीच लागू राहिली. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली हिंदू वारसा कायदा आला, तेव्हा त्याच्याही कलम २ (२) ने अनुसूचित जमातींना बाहेर ठेवले. त्यामुळे २००५ साली हिंदू कन्यांना वडिलोपार्जित मालमत्तेत भावाच्या बरोबरीचा हक्क मिळाला, तो आदिवासी कन्येपर्यंत पोहोचला नाही. ती ख्रिस्ती असो, सरना धर्माची असो वा हिंदू देवदेवतांना भजणारी असो, तिन्ही कायद्यांच्या दारांतून तिला परत पाठविण्यात आले.

तथापि मिशनकार्याने स्त्रीजीवनात एक निराळी वाट उघडली, तिचाही उल्लेख केला पाहिजे. लोरेटोच्या भगिनी रांचीत आल्या, शाळा उघडल्या आणि काही उरांव मुलींनी लग्न न करता धर्मभगिनी होण्याची इच्छा प्रकट केली. घरून विरोध झाला, समाजाने नावे ठेवली. तरी मेरी बर्नाडेट किस्पोट्टा आणि तिच्या तीन मैत्रिणी डगमगल्या नाहीत. २६ जुलै १८९७ रोजी ‘संत आन्नाच्या कन्या’ हा संघ रांचीत स्थापन झाला. आदिवासी मुलींनी आदिवासी समाजातच उभारलेला हा धर्मभगिनींचा संघ होय. स्त्रीला नवऱ्याच्या किंवा बापाच्या जमिनीखेरीजही प्रतिष्ठेने जगता येते, हे त्या भूमीवर प्रथम या मुलींनी दाखविले. त्यांच्या शाळांतून शिकलेल्या मुली पुढे शिक्षिका व परिचारिका झाल्या. जमिनीचा प्रश्न मात्र शिक्षणाने सुटला नाही. तो न्यायालयाच्या दारी जायचा होता.

न्यायालयाच्या दारात

१९८२ साली ‘मानुषी’ या नियतकालिकाच्या संपादिका मधु किश्वर यांनी सिंहभूममधील हो स्त्रियांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १९०८ च्या कायद्यातील पुरुष वंशाची तरतूद संविधानाच्या समानतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असे तिचे म्हणणे होते. १९८६ साली एका उरांव ख्रिस्ती स्त्रीची याचिकाही तिला जोडली गेली. याच वर्षी फेब्रुवारीत मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील ख्रिस्ती कन्यांना समान वाटा देणारा निकाल दिला होता, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. दोन ख्रिस्ती स्त्रिया, दोन प्रांत. एकीला निकाल मिळाला, दुसरीला आणखी दहा वर्षे वाट पाहावी लागली.

न्यायालयाने बिहार सरकारला या प्रश्नाचा विचार करण्यास सांगितले. ३१ जुलै १९९२ रोजी पाटणा येथे आदिवासी सल्लागार मंडळाची बैठक झाली. मुख्यमंत्री, मंत्री व आदिवासी भागांतील आमदार-खासदार तिला उपस्थित होते. रूढीत बदल करू नये, कारण स्त्रियांना मालकी दिल्यास जमीन जमातीबाहेर जाईल, असा त्यांचा कौल पडला.

१७ एप्रिल १९९६ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती के. रामस्वामी यांनी स्त्रियांना वारसाहक्क मिळाला पाहिजे असे स्पष्ट मत स्वतंत्रपणे नोंदविले. परंतु न्यायमूर्ती पुंछी यांनी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या सहमतीने दिलेल्या बहुमताच्या निर्णयात कायद्याची कलमे रद्द केली नाहीत. जमातीजमातींच्या रूढी भिन्न आहेत, त्या एका फटक्यात मोडून काढणे न्यायालयाने करू नये, असा त्यांचा विचार होता. मात्र त्यांनी संविधानाच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा आधार घेतला. शेवटच्या पुरुष धारकाच्या मागे राहिलेल्या जवळच्या स्त्रिया त्या जमिनीवर उपजीविकेसाठी अवलंबून असतील, तोवर पुरुष भाऊबंदांचा वारसाहक्क स्थगित राहील, असा निर्णय झाला.

हा निकाल अर्ध्या भाकरीसारखा होता. भुकेल्याला अर्धी भाकरीही मोलाची असते हे खरे. भाऊबंदांना आता विधवेला किंवा लेकीला शेतातून हुसकावता येणार नव्हते. पण तिचा हक्क तिच्या गरजेवर टिकणार होता, तिच्या नात्यावर नव्हे. भाऊ श्रीमंत असो वा गरीब, तो पुत्र म्हणून वारस असतो. बहिणीने मात्र आपण जमिनीवर अवलंबून आहोत हे दाखवावयाचे. दयेवर आधारलेला हक्क आणि जन्मावर आधारलेला हक्क यांत जो फरक आहे, तो येथे शिल्लक राहिला.

जमात टिकली पाहिजे, आणि लेकही

पाटण्याच्या बैठकीत जी भीती व्यक्त झाली ती खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही. ज्या समाजाने दोनशे वर्षे जमीन गमावली, त्याला प्रत्येक नव्या दाराची धास्ती वाटणारच. बाहेरचा माणूस जमिनीच्या आशेने आदिवासी मुलीशी लग्न करील, ही चिंता झारखंडमधील अनेक प्रामाणिक माणसे बोलून दाखवितात.

हाच पेच पवित्र शास्त्रात येऊन गेला आहे. गणनेच्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा मोशेपुढे, याजकापुढे व साऱ्या मंडळीपुढे उभ्या राहतात. आमचा बाप रानात मेला, त्याला मुलगा नव्हता. तेवढ्यावरून त्याचे नाव कुळातून का पुसले जावे, असा त्यांचा सवाल आहे. मोशे स्वतः निवाडा न करता तो प्रश्न परमेश्वरापुढे नेतो, आणि मुलींचे म्हणणे योग्य आहे असा निर्णय मिळतो. पण कथा तेथे संपत नाही. त्याच पुस्तकाच्या अखेरच्या अध्यायात वंशाचे वडीलधारे येऊन म्हणतात की या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्ने केली तर आमच्या वंशाची जमीन त्यांच्याबरोबर जाईल. म्हणजे पाटण्यात १९९२ साली जे ऐकू आले, तेच मवाबाच्या मैदानात ऐकू आले होते. त्यावर तोड काय निघाली? मुलींचा हक्क काढून घेतला गेला नाही. जमीन वंशाबाहेर जाऊ नये एवढे बंधन घातले गेले. मुलगा नसेल तरच मुलीला वारसा, आणि तिच्या लग्नावर बंधन, या त्या जुन्या तोडीच्या मर्यादा आजच्या दृष्टीने उघड आहेत. तरी तिचा क्रम शिकण्यासारखा आहे. आधी न्याय मान्य झाला, मग जमातीच्या रक्षणाचा उपाय शोधला गेला.

छोटा नागपूरमध्ये तर तो उपाय १९०८ पासून हाताशी आहे. जमीन बिगरआदिवासीला विकण्यावरचे बंधन धारक पुरुष आहे की स्त्री, हे पाहत नाही. आपल्या महाराष्ट्रातही १९७४ पासून जमीन महसूल कायद्याने आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर अशीच बंधने आहेत. भावाच्या हातची जमीन जशी या बंधनाने राखली जाते, तशी बहिणीच्या हातचीही राखता येईल. शिवाय आजवर जी जमीन गेली, ती लेकींनी विकून गेली नाही. कर्ज, फसवणूक, खाणी, धरणे व कारखाने यांच्यापायी ती गेली, आणि त्या प्रत्येक कागदावर अंगठा पुरुष धारकाचा होता.

पुराव्याचा भार

अलीकडच्या काही वर्षांत न्यायालयांतील विचार आणखी पुढे सरकला आहे, पण सरळ रेषेत नव्हे.

२०२२ साली झारखंड उच्च न्यायालयापुढे उरांव समाजातील वारशाचे एक प्रकरण आले. मुलींना वारसा नाकारणारी रूढी अखंड चालत आली आहे हे प्रतिपक्षाला सिद्ध करता आले नाही, म्हणून न्यायालयाने मुलीचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयापुढे भूसंपादनाच्या भरपाईचे प्रकरण होते. आदिवासी कन्येने हिंदू वारसा कायद्याखाली वाटा मागितला होता. कलम २ (२) मुळे तो देता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. मात्र समान हक्क नाकारण्याला आज आधार उरलेला नाही, केंद्र सरकारने दुरुस्तीचा विचार करावा, असेही नमूद केले. या प्रकरणात विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. जमीन सरकारने घेतल्यावर ती जमातीबाहेर गेलेलीच असते. मागे उरते ती रोख रक्कम. तीही मुलीला नाकारायची असेल तर जमातीच्या रक्षणाचा युक्तिवाद तेथे कोठे बसतो?

१७ जुलै २०२५ रोजी छत्तीसगढमधील एका गोंड स्त्रीच्या वारसांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचे पाऊल टाकले. मुलींना वारसा मिळतो अशी रूढी त्या कुटुंबाला दाखविता आली नाही म्हणून खालच्या न्यायालयांनी दावा फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न उलटा केला: मुलींना वारसा मिळत नाही अशी रूढी तरी कोठे सिद्ध झाली? जेथे दोन्हींपैकी काहीच सिद्ध नाही, तेथे न्याय, समता व सद्सद्विवेक यांना धरून मुलीला वाटा मिळाला पाहिजे, असा निर्णय झाला. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये हिमाचल प्रदेशातील प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की हिंदू वारसा कायदा जसाच्या तसा आदिवासींना लावता येणार नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर चित्र असे दिसते: रूढी जेथे सिद्ध आहे तेथे ती अजून बलवान आहे, जेथे ती केवळ गृहीत धरलेली आहे तेथे लेकीला वाट मिळू लागली आहे. शंभर वर्षे पुराव्याचा भार बहिणीच्या डोक्यावर होता. तो आता हळूहळू भावाच्या खांद्यावर जात आहे.

संसदेने व राज्य विधिमंडळांनी या बाबतीत मोकळेपणाने पावले टाकलेली नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र वनजमिनीचा पट्टा पतिपत्नींच्या संयुक्त नावे देण्याची तरतूद केली. ही तरतूद छोटी वाटली तरी तिचा अर्थ मोठा आहे. ज्या दस्तऐवजावर पूर्वी केवळ पुरुषाचे नाव आले असते, त्यावर स्त्रीचेही नाव प्रथमपासून आले.

आपल्या दारात

हा इतिहास वाचून आपण समाधानाचा सुस्कारा टाकू नये. महाराष्ट्रातील वारली, कोकणा, भिल्ल, गोंड या जमातींनाही कलम २ (२) लागू आहे. आणि ज्यांना समान वाट्याचा कायदा लाभला आहे, त्या आपल्या कॅथोलिक घरांत तरी काय चित्र आहे? वडील गेले की तलाठ्याकडे वारसनोंद होते, त्यात मुलींची नावे लागतात आणि पुढे केव्हातरी बहिणी ‘हक्कसोडपत्रा’वर सही करतात. कित्येक बहिणी ती सही आनंदाने करतात, हे नाकारता येत नाही. पण कित्येकजणी माहेर तुटू नये म्हणून करतात. भावाच्या दारी सणासुदीला, लग्नकार्याला सन्मानाने जाता यावे, एवढ्यासाठी त्या आपला वाटा सोडतात. माहेरच्या उंबरठ्याची ही किंमत भावाला कधी मोजावी लागत नाही. रांचीच्या बहिणीला कायद्याने जे दिले नाही, ते आपल्या बहिणीला कायद्याने दिले आणि रिवाजाने परत घेतले, असे तर होत नाही ना?

फादर हॉफमन यांनी एका जमातीच्या पायाखालची जमीन वाचविली. ते काम अपुरे राहिले याचा दोष त्यांच्या माथी मारणे योग्य नाही, कारण प्रत्येक पिढी आपल्या काळाच्या उजेडात जेवढे दिसते तेवढेच करते. पण आज उजेड वाढला आहे. ज्या सासनावरच्या शिळा मुंडांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हक्काचा पुरावा म्हणून जपल्या, त्या शिळांकडे जाणाऱ्या शेतांत लेकींनीही लावणी केली आहे, कापणी केली आहे. तो पुरावा कोणत्याही दप्तरात नोंदलेला नसला तरी खोटा नाही. आपल्या घरांत पुढच्या वेळी हक्कसोडपत्राचा कागद टेबलावर येईल, तेव्हा बहिणीने सही करण्याआधी भावाने एकदा तिला मनापासून विचारावे, “बाई, तुला काय हवे?” आणि तिचे उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.